खोडलेली पहिली ओळ

"पुढून झालं. आता मागून मार."

शेठ हे माझ्याशी बोलत नव्हते. ते वॉचमनला सांगत होते. वॉचमनच्या पाठीवर आंब्याला औषध मारायचा पंप होता आणि पंपात फरशी पुसायचं पांढरं, नाकाला झोंबणारं पाणी. मी फार्महाऊसच्या फाटकाबाहेर उभी. गळ्यात आरोग्य खात्याचं ओळखपत्र, छातीशी रजिस्टर. फवारा कपाळावर आला, डोळ्यांत गेला, पदरावरून पायांवर उतरला. मोहोर धरलेल्या झाडाला मारतात तसा. एक फांदी सोडली नाही.

शेठ वर गॅलरीत होते, चहाचा कप घेऊन. वॉचमन जवळच्याच कोन नावाच्या गावचा, माझ्या ओळखीचा. तोंडातल्या तोंडात म्हणाला, "वैनी, राग नको. मालकाचा हुकूम हाय."

आणि मी वळले.

मला कुणी हात लावून वळवलं नाही. शाळेत मास्तर 'हात पुढे' म्हणाले की मूल हात पुढे करतं, तशी मी आपणहून पाठ पुढे केली. पंचेचाळीस वर्षांची बाई. दोन लेकींची लग्नं केलेली. पाठीवरून पाणी कमरेपर्यंत ओघळलं आणि मी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले, नीट, सगळीकडे बसावं म्हणून.

मग मी वर बघून विचारलं, साहेब, तुमच्या पार्टीला आलेल्यांपैकी ताप कुणाला आला?

शेठ म्हणाले, "इथे कसली पार्टी?" आणि कप घेऊन आत गेले.

मी रजिस्टर उघडून बघितलं. पानं भिजली होती, पण अक्षर हललं नव्हतं. पेन्सिलीचं अक्षर पाण्याला दाद देत नाही. तेवढ्यात मला हसूसुद्धा आलं. म्हटलं, शेठ, मला भिजवलंत, माझ्या लिहिण्याला नाही भिजवता आलं.

पेन्सिल कशाने जाते, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

*

मी आशा. म्हणजे नाव नाही, काम. पनवेलजवळच्या नेरेच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत आमची कातकऱ्यांची वाडी आहे, तिथली. आश्रमशाळेत दहावी केली, वाडीतली पहिली. मला गोष्टी सांगायचा नाद आहे. तोंडाने सांगते, हाताने सांगते, वेळ पडली तर उठून नाचून सांगते. सरपंच कसे चालतात, नर्सबाई सुई भरताना जीभ कशी बाहेर काढतात, डॉक्टर फोनवर वरच्या साहेबांशी बोलताना खुर्चीतून कसे अर्धे उठतात, सगळं येतं मला. बारशात, मयताच्या बाराव्याला, लसीच्या रांगेत, लोक म्हणतात, कर गं जरा डॉक्टर. मी करते.

करोना आला तेव्हा आम्हाला एक दिवस शिकायला बोलावलं. पडद्यावर लिहिलं होतं, जवळचा संपर्क म्हणजे एक मीटरच्या आत, पंधरा मिनिटांच्या वर. आजारी माणसाला विचारायचं, तू कुणाकुणाला भेटलास, आणि यादी करायची. त्या यादीतल्यांना वेगळं ठेवायचं. साधं काम.

वाडीत येऊन विचारलं तर सगळे म्हणाले, आमी कुनालाच भेटलो नाय.

खोटं नव्हतं ते. आमच्यात 'भेटणं' म्हणजे पाव्हणा येणं, चहा ठेवणं. शेजारणीच्या ओट्यावर जाऊन बसणं याला भेटणं कोण म्हणतं? आणि पंधरा मिनिटं कोण मोजतं, घड्याळ फक्त बालवाडीत, तेही बंद. दोन दिवस माझी यादी कोरी. तिसऱ्या दिवशी दुपारी मी ओट्यावर बसले होते, आणि माझी चुलतजाऊ सुगंधा माझ्या केसांतल्या उवा काढत होती. एकदम उजेड पडला.

वाडीत दुपारी काम नसलं की बायका उवा काढतात. एकीचं डोकं दुसरीच्या मांडीवर. तास जातो, दीड तास जातो. बायमी आतेचे केस असे की बसलं तर उन्हं उतरेपर्यंत उठायला नको. एक मीटर कसला, वीतभर अंतर नाही. आणि प्रत्येकीची मांडी ठरलेली असते. कुणीही कुणाच्याही मांडीवर डोकं ठेवत नाही. भांडण झालं की मांडी बदलते, ते अख्ख्या वाडीला कळतं.

मी विचारायचं सोडून दिलं की कुणाला भेटलीस. विचारायला लागले, "दुपारी कुणाची मांडी?"

धडाधड नावं आली. बायकांवरून त्यांची पोरं, पोरांवरून नवरे. पुरुषांना विचारायचं, तंबाखूला चुना कुणाच्या डबीतला. चार दिवसांत ताप कुठून कुठे गेला ते कागदावर उतरलं, नदीचे फाटे काढावेत तसं.

आरोग्य केंद्रात बैठक झाली तेव्हा डॉक्टरांनी माझं रजिस्टर सगळ्यांसमोर वाचलं. "संपर्काचा प्रकार: उवा." थांबले. पुन्हा वाचलं. मग असे हसले की चष्मा काढावा लागला. सगळी खोली हसली. एका बाईंनी आपली खुर्ची माझ्यापासून थोडी सरकवली. आणि मी काय केलं? मी उभी राहिले आणि दोन्ही अंगठ्यांच्या नखांवर ऊ कशी मारायची ते करून दाखवलं, टक, आवाजासकट. अजून हसले. मला वाटलं, जिंकले.

डॉक्टर डोळे पुसत म्हणाले, "हसू नका रे, डोकं आहे हिला. ही आमची जासूद."

त्या दिवसापासून मी जासूद. दुसऱ्या वाड्यांवर जायचं असलं की डॉक्टर मला आपल्या गाडीत पुढे बसवायचे. पुढे. शेजारी. मी काचेतून बघायची, कुणी बघतंय का.

*

आता सुगंधाची गोष्ट.

शेठच्या फार्महाऊसवर पार्टी झाली तेव्हा बाहेर सगळं बंद होतं. मुंबईहून गाड्या आल्या, रात्री राहिल्या. वाडीतल्या पाच बायकांना भाकऱ्या भाजायला आणि भांड्यांना बोलावलं होतं. सुगंधा त्यातली. जाताना सगळ्यांना ताकीद मिळाली, कुठे बोललात तर पुन्हा फाटकात पाय नाही. वाडीला काम देणारं तेवढंच एक फाटक उघडं होतं. कोण बोलणार?

तिसऱ्या दिवशी सुगंधाला ताप. मग बाकीच्यांपैकी दोघींना. मी विचारलं तर म्हणाली, उन्हाचा असंल.

ती बोलली ती मांडीवर. तिची तपासणी व्हायच्या आदल्या दिवशी. तोंडाला फडकं बांधून मी तिच्या केसांतून फणी फिरवत होते, आणि ती जमिनीकडे तोंड करून सांगायला लागली. एक पाहुणा स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. सारखा खोकत होता. गरम भाकरी तव्यावरून हातात मागायचा. सुगंधाने त्याला सहा भाकऱ्या दिल्या. दोन दिवसांनी वॉचमनने सांगितलं, त्याला मुंबईत हॉस्पिटलात टाकलाय.

आमच्या बायकांत एक बोलणं आहे. उवा काढताना सांगितलेलं उवेबरोबर नखावर मरतं. मांडीवरची गोष्ट ओट्याखाली उतरत नाही. सासूची चुगली, पोटातलं पोर, मनातला माणूस, सगळं तिथेच सांगायचं आणि तिथेच मारायचं.

सुगंधाला मी म्हटलं, हे लिहावं लागेल. म्हणजे त्या बाकीच्या पाहुण्यांना शोधतील, त्यांची पोरंबाळं वाचतील. आणि वाडीवर आळ येणार नाही. डॉक्टर आपले आहेत.

तिने उठून सुटे केस गुंडाळले. मग म्हणाली, "तू बोलतीस म्हून."

मी लिहिलं. अनुक्रमांक एक: फार्महाऊसवरचा पाहुणा, राहणार मुंबई. दोन, तीन, चार: भाकऱ्या करणाऱ्या बायका. त्याखाली कुणाची मांडी, कुणाची डबी. खात्री करायला मी फाटकावर गेले. तिथे काय झालं ते वर सांगितलंच.

पेन्सिलीने लिहिलं. आमच्या केंद्रात रीतच तशी. आशाने आधी पेन्सिलीने लिहायचं, डॉक्टर बघणार, आकडे एकमेकांशी जुळवणार, मग पेनाने पक्कं करणार. माझ्या अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली, शेपटीला खोडरबरवाली. बायका म्हणायच्या, हिला तुरा आलाय. मीही मिरवायची. आपल्याच डोक्यात आपलं खोडरबर घेऊन हिंडणारी मी.

ओलं रजिस्टर डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. फवाऱ्याचं सांगितलं. ते जागचे उठले, म्हणाले, थांब, बघतोच त्यांना. मला त्यांच्या कपातला चहा बशीत ओतून दिला. मी तो चहा विसरलेले नाही. तो खरा होता असं मला अजून वाटतं, आणि म्हणूनच पुढचं जास्त लागतं.

दोन दिवसांनी रजिस्टर परत आलं. पहिली ओळ नव्हती. कागद तिथे खरवडून पातळ झालेला, उजेडात धरलं तर पलीकडचा हात दिसावा इतका. अनुक्रमांक एक: सुगंधा. पेनाने, डॉक्टरांच्या सुबक अक्षरात. आणि समासात: उगम, आदिवासी वाडी.

मी गेले त्यांच्याकडे. खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "अगं, शेठ आपल्या केंद्राला ऑक्सिजनची दोन मशीन देतायत. उद्या तुझ्याच वाडीतलं कुणी आलं तर कामाला येतील. तू हुशार आहेस, समजून घे."

मी म्हटलं, "हो साहेब."

दुसऱ्यांदा वळले मी. या वेळी पंपसुद्धा लागला नाही.

*

वाडीच्या तोंडाशी बांबू आडवे बांधले. फार्महाऊसवर खात्याची गाडी आली ती हार घालायला आल्यासारखी फाटकावर फवारणी करून निघून गेली. पाहुण्यांना कुणी फोन केला नाही. ते कुठे गेले, कुणाकुणाच्या हातची गरम भाकरी खाल्ली, देवाला माहीत.

मग त्या पानाचा फोटो निघाला. कुणी काढला मला आजवर कळलं नाही. रजिस्टर मी, डॉक्टर आणि एक कारकून, तिघांच्याच हाती होतं. फोटो फोनाफोनांतून खाली उतरला. नेरेच्या शेतांवर गेला, वीटभट्टीवर गेला, पनवेलला गेला. बांबू सुटल्यावर आमच्या बायका रानभाजीच्या पाट्या घेऊन नेहमीसारख्या खांदा कॉलनीच्या कोपऱ्यावर बसल्या. एक बाई आल्या, वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक, सुगंधाला 'मावशी' म्हणणाऱ्या. त्यांनी फोन काढला, पान मोठं केलं आणि विचारलं, "यातली सुगंधा कोण?"

सुगंधाने हात वर केला. तिला वाटलं, भाजी हवीय.

पाट्या भरलेल्या परत आल्या. ती भाजी आम्ही तीन दिवस खाल्ली.

सुगंधा माझ्या ओट्यापाशी आली. चढली नाही. खालूनच म्हणाली, "मी तुझ्या मांडीवर बोलले व्हते."

एवढंच. माझ्याकडे एवढ्या गोष्टी, एवढी तोंडं, एवढे आवाज. एकही कामाला आला नाही.

त्यानंतर वाडीत ताप आला की मला कळेना. मी दिसले की पोरं उठून घरात जायची. 'दुपारी कुणाची मांडी' विचारलं की एकच उत्तर, कुनाचीच नाय. बायमी आतेला धाप लागत होती तेव्हा तिला मागच्या पायवाटेने डोंगरापलीकडे भाच्याकडे नेऊन ठेवली. माझ्यापासून लपवायला. तिच्याच वाडीच्या आशापासून. पाचव्या दिवशी झोळीत घालून खाली आणली तेव्हा नखं निळी होती. केंद्रात शेठची दोन मशीन भिंतीला लागून उभी होती, खोक्यावरची फीतही काढलेली नव्हती. आते केंद्राच्या फाटकातच गेली.

लोक म्हणतात करोनाने गेली. मी तशी नोंद केली. पण मला ठाऊक आहे ती कुठल्या ओळीने गेली.

*

रोग ओसरल्यावर सत्कार ठेवला. पनवेलमध्ये हॉल, मागे फुलांची कमान, आम्हा सगळ्या आशांना शाल आणि नारळ. मंचावर प्रमुख पाहुणे कोण? शेठ. मशीन देणारे. त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखणार कसं, तेव्हा त्यांनी माझी पाठच जास्त बघितली होती.

डॉक्टरांनी माइकवर सांगितलं, आमची जासूद दोन शब्द बोलेल, फार गमतीशीर बोलते.

मी बोलले. गमतीशीरच बोलले. पडद्यावरचा एक मीटर, बंद घड्याळ, आतेचे केस, नखावरची ऊ, टक. हॉल हसत होता. शेठही हसत होते, मांडीवर हात मारून. मग मी पंप घेतला. म्हणजे हवेतला. पाठीला लावला, दांडा हलवला, फवारा उडवला. डोळे चोळून दाखवले. तेव्हाही हसले. मग मी गॅलरीतल्या माणसाचा आवाज काढला, कप धरलेला हात वर करून. "पुढून झालं. आता मागून मार."

तो आवाज मला फार छान येतो. इतका की शेठनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

हसणं एकदम थांबलं नाही. कोपऱ्याकोपऱ्यातून विझत गेलं. मी पिशवीतून रजिस्टर काढलं, खरवडलेलं पान उघडलं आणि शेठच्या समोर मेजावर ठेवलं. म्हटलं, साहेब, इथे एक ओळ होती. तुमच्या पाहुण्याची. तुम्हीच लिहून द्या.

त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी नारळाकडे बघितलं.

मग मी माझ्या अंबाड्यातली पेन्सिल काढून त्या मेजावर ठेवली, पाहुण्यांना द्यायच्या प्रमाणपत्रावरचं पेन उचललं आणि ओळ लिहिली. कागद पातळ होता, निब दोनदा आरपार गेली. लिहिता लिहिता मोठ्याने वाचली, खाली सही केली. माइक कुणीतरी बंद केला होता, पण माझ्या आवाजाला माइक कधी लागला नाही.

टाळी एकही पडली नाही. माझ्या रांगेतल्या आशासुद्धा मांडीवरच्या शालीकडे बघत बसल्या. मी नारळ तिथेच ठेवून उतरले. जिन्यात डॉक्टर मागून आले. म्हणाले, "मी तुझ्यावर विश्वास ठेवला होता. तू माझा विश्वासघात केलास."

मी हसले. त्या सगळ्या वर्षात तेवढी चांगली नक्कल मी कुणाची ऐकली नव्हती. ते शब्द सुगंधाचे होते, तिने मला न म्हटलेले.

नोटीस आली. सरकारी नोंदीत बिनपरवानगी खाडाखोड केली म्हणून. खाडाखोड, मी. उत्तर पेनाने लिहून दिलं. पंधरा ओळींचं, प्रत्येक ओळीखाली रेघ. काढून टाकलं नाही, कारण आमच्या वाडीचा डोंगर चढायला दुसरी कुणी तयार नव्हती. गाडीत पुढे मात्र पुन्हा बसले नाही. चालत जाते.

यंदा गोवर आला. नव्या डॉक्टर मॅडम आल्यात, तरुण आहेत, मला अहो-जाहो करतात. परवा म्हणाल्या, "ताई, तूर्त पेन्सिलीने लिहा ना, नंतर पक्कं करू."

मी म्हटलं, "मॅडम, पेन्सिल मी पनवेलला विसरून आले."

त्यांना कळलं नाही. कळेल.

आता मी अशी लिहिते. ज्याने रोग आणला तो पहिल्या ओळीत, मग तो कुठल्याही फाटकाआडचा असो. पान भरलं की आधी वाडीत, चिंचेखाली, सगळ्यांसमोर वाचते. ज्याला आपलं नाव नको त्याच्या नावाऐवजी खूण करते. त्या खुणेचं माणूस कोण, ते फक्त माझ्या डोक्यात. उपचाराला लागलं तर मी स्वतः त्याला हाताला धरून डॉक्टरांसमोर नेते. कागद त्याच्या आधी जात नाही. वरून सतरा फोन येतात, नावं पाठवा. पाठवत नाही. माझ्या डोक्याचा फोटो कुणाला काढता येत नाही.

सुगंधा माझ्याशी बोलत नाही. मी वाचते तेव्हा ती लांब, कुडाला टेकून उभी असते, आणि पहिली ओळ ऐकली की निघून जाते. मी तिला हाक मारत नाही. माफी मागायची नाही मला. मी मागितली की तिला द्यावी लागेल, आणि वाडीने आजवर पुष्कळ दिलंय.

माझ्या केसांत फणी आता मीच घालते. मागचं दिसत नाही, हात पोचत नाही. चालेल. पाठ माझी आहे. पुन्हा कुणी सांगितलं म्हणून ती वळणार नाही.